नगाचं बिल आणि कामाचं बिल

बिल हा वाचायचा प्रकार आहे असं मी म्हटलं की आमच्या घरात सगळे हसतात. पण बी.ए.ला कथा-कादंबऱ्यांचं जे केलं तेच मी आता धंद्याच्या सॉफ्टवेअरचं करते. हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, आणि लिहिताना कोण डोळ्यासमोर नव्हतं, ते बघते. आमचं घर आदिलाबादचं. जिनिंगवाल्यांना शेड उभारून द्यायची, हा धंदा. लोखंडी ट्रस, पत्रे, मशिनरीखालचे चौथरे. पुरुष माणसं साइटवर, बिलं माझ्याकडे. आपल्या समाजात अशा कितीजणी आहेत ते दिवाळीत भेटलं की कळतं. फर्म नवऱ्याच्या नावावर, पासवर्ड बायकोच्या डोक्यात.

सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही. दोन-तीन वापरून झाली, दुखणं एकच आहे.

इनव्हॉइसला मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे, बीजक. (कबीरांच्या वाणीच्या संग्रहालाही बीजकच म्हणतात, ते मला फार आवडतं.) व्यापारातलं बीजक म्हणजे मालासोबत जाणारी यादी. इतके नग, हा भाव, ही रक्कम. माल गेला, बीजक गेलं, व्यवहार संपला. आजचं सॉफ्टवेअर अजून त्या यादीतच अडकलंय. त्यात नवलही नाही. आपल्याकडे हिशेबाचा संगणक रुजवला तो टॅलीने. तिचा जन्म १९८६ सालचा. भारत गोयनका यांनी वडिलांच्या धंद्याचे हिशेब ठेवायला प्रोग्रॅम लिहिला, आणि तो धंदा कारखान्यांना माल पुरवण्याचा होता. मालवाल्यांची गरज आधी, त्यांचीच सोय आधी. तक्रार त्या जुन्या काळाबद्दल नाही. आता जी सॉफ्टवेअरं 'प्रोजेक्ट बिलिंग' असं मोठ्या अक्षरात लिहून विकतात आणि आत तीच मालाची यादी ठेवतात, त्यांच्याबद्दल आहे.

शेड हा नग नाही. ती चार महिने होत राहते. समजा दहा लाखांचं काम घेतलं. दोन लाख अ‍ॅडव्हान्स मिळाले. पाया आणि खांब झाले की पहिलं बिल, ट्रस चढले की दुसरं, पत्रे झाले की तिसरं. मध्येच मालक म्हणतो, या बाजूला दहा फूट वाढवा. शेवटी पाच टक्के रक्कम तो वर्षभर डिपॉझिट म्हणून रोखून धरतो, पावसाळ्यात गळलं तर? ही सगळी एका कामाची गोष्ट आहे, पण सॉफ्टवेअर तिचे सुटे तुकडे करतं. तीन बिलं म्हणजे त्याच्या लेखी तीन वेगवेगळ्या विक्र्या. अ‍ॅडव्हान्स एकीकडे, वाढीव काम दुसरीकडे. 'या शेडचं आपलं येणं किती राहिलं?' या एका प्रश्नाला मला चार रिपोर्ट काढून वहीच्या मागच्या पानावर बेरीज करावी लागते.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशात फार जुनं आहे. कोणत्याही सरकारी गुत्तेदाराला एम.बी. म्हणजे काय ते विचारा. मेजरमेंट बुक, बांधकाम खात्याची मोजमापाची वही. इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. तिच्यावरून जे रनिंग बिल निघतं, त्याची मांडणी मी पहिल्यांदा नीट पाहिली तेव्हा एखादी चांगली कविता कळावी तसं झालं. त्यात आज किती काम केलं हे आधी लिहीतच नाहीत. सुरुवातीपासून आजपर्यंत एकूण किती झालं ते लिहितात, त्यातून मागच्या बिलापर्यंतचं वजा करतात, उरेल ते या बिलाचं. म्हणजे प्रत्येक बिल मागच्या सगळ्या बिलांना पोटात घेऊन येतं.

याचा उपयोग काय ते सांगते. दुसऱ्या बिलात पत्र्याचं काम ४०० चौरस मीटर धरलं. नंतर दोन्ही बाजूंनी मिळून फेरमोजणी केली, भरलं ३८०. तोवर आणखी १०० झालं. एम.बी.च्या रीतीने तिसऱ्या बिलात लिहायचं, आजवर ४८०, मागचं ४००, आताचं ८०. झालं. कोणी कोणाला चोर म्हणायला नको. सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रत्येक बिल आई-बापाविना जन्मतं. तिथे वीस मीटर परत करायचे तर क्रेडिट नोट काढा, तिला वेगळा नंबर, तिचं वेगळं कारण निवडा. कारणांच्या यादीत 'माल परत' आहे, 'सूट' आहे, 'फेरमोजणी' नाही. पत्रे छतावर बसलेत, ते परत कुठून येणार!

कायद्याने असं मांडायला भाग पाडलं, असं विकणारे सांगतात. ते मला पटत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, त्या कायद्यात लांबत चालणाऱ्या सेवेची वेगळी व्याख्या आहे. करारात पैसे देण्याची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपर्यंत बिल, आणि पैसे एखादा टप्पा पूर्ण होण्यावर अवलंबून असतील तर तो टप्पा पूर्ण होईपर्यंत बिल, असं कलम ३१ मध्ये लिहिलेलं आहे. सेवेसाठी अ‍ॅडव्हान्स घेतला तर त्याची रिसीट व्हाउचर करायची, त्यावरचा कर तेव्हाच भरायचा, हेही आहे. म्हणजे टप्पा कायद्याला कळतो, पडद्यावरच्या खान्याला कळत नाही. अ‍ॅडव्हान्स वळता करायचा तर आम्हाला 'डिस्काउंट'च्या खान्यात टाकायचा सल्ला मिळाला होता. अ‍ॅडव्हान्स म्हणजे सूट? मालकाने ते वाचलं तर आणखी दोन लाख कमी द्यायला तो मोकळा.

आमच्या सरहद्दीवरच्यांचं आणखी एक दुखणं आहे. पैनगंगेच्या पुलापलीकडे यवतमाळ जिल्हा, आणि कामं दोन्ही काठांना. इमारतीच्या कामाचा कर ती इमारत जिथे उभी आहे त्या राज्याप्रमाणे ठरतो. गिऱ्हाईक आदिलाबादचं असलं तरी शेड पांढरकवड्याला असेल तर आयजीएसटी लावायचा. सॉफ्टवेअर मात्र गिऱ्हाइकाच्या पत्त्यातला ३६ आकडा, म्हणजे तेलंगण, बघतं आणि सीजीएसटी-एसजीएसटी लावून मोकळं होतं. साइटचा पत्ता भरायला जागा आहे, पण ती फक्त छापण्यापुरती, हिशेब तिच्याकडे पाहत नाही. असा कर चुकीच्या खात्यात गेला तर तो आपोआप वळत नाही. बरोबर कर पुन्हा भरायचा आणि पहिल्याचा परतावा मागत बसायचं. छोट्या फर्मचं खेळतं भांडवल तेवढ्यात अडकतं.

आणि तो लाल रंग! बिलाला तीस दिवस झाले की नावापुढे लाल अक्षरात 'ओव्हरड्यू'. शेडची डागडुजी जिनिंगवाले कापूस यायच्या आधी करून घेतात, पैसे सुटतात ते हंगाम चालू झाल्यावर. हे दोन पिढ्यांचं ठरलेलं आहे. त्यात ते पाच टक्के डिपॉझिट, ज्याची मुदतच वर्षाने आहे, तेही लाल. 'अजून येणं नाही' आणि 'येऊनही दिलं नाही' यांतला फरक ज्याला दाखवता येत नाही, ते येण्याचा हिशेब कसला ठेवणार? सगळंच लाल दिसलं की डोळा मरतो. खरोखर थकलेली रक्कम त्यातच दडून बसते, आणि डिपॉझिट मागायची तारीख कोणाला आठवत नाही. छोट्या गुत्तेदाराचा सगळा नफा पुष्कळदा त्या पाच टक्क्यांतच असतो.

म्हणून जुनी वही बरी होती, असं मी म्हणणार नाही. कच्ची वही, तिच्यावरून रोजमेळ, रोजमेळावरून खतावणी, ही रीत उत्तम. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोलीने छापलेल्या ग्रंथातही अशाच तीन वह्या सांगितल्या आहेत. खतावणीत एकेका माणसाचं पान असायचं, जमा आणि नावे समोरासमोर, एका नजरेत. पण माझ्या सासऱ्यांचं अक्षर त्यांनाच लागायचं, आणि वही दिवाळीच्या पूजेला तेवढी आमच्यासमोर यायची. हळदीकुंकू वाहायचं, आत बघायचं नाही. धंद्यात किती आलं-गेलं हे घरातल्या बाईला कळायला लागलं ते संगणक आल्यावरच. शोधणं, बेरजा, रिटर्न भरणं, यांत सॉफ्टवेअरला तोड नाही. म्हणूनच त्याची मांडणी इतकी मनाला लागते. जी वस्तू आमच्या हाती आली, ती बनवताना काम म्हणजे काय हे विचारायला कोणी साइटवर गेलं नाही.

याच प्रोजेक्टच्या भागात 'रिसोर्स' नावाचा तक्ता आहे. मिस्त्री, वेल्डर, हेल्पर, प्रत्येकाचे तास आणि दर. मुलाने हौसेने त्यात माझंही नाव घातलं, बिलिंग म्हणून. दराचा खाना रिकामा ठेवला तर सेव्ह होईना, शून्य टाकलं तरी होईना. शेवटी त्याने एक रुपया टाकला. आता दर महिन्याच्या रिपोर्टात माझे तास आणि त्यांचे रुपये छापून येतात. इथे सॉफ्टवेअरला दोष देऊ की घराला, हे अजून ठरलेलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या दारात सॉफ्टवेअर विकायला कोणी आलं आणि तुमचा धंदा कामाचा असेल, मग तो फर्निचरचा असो, वायरिंगचा असो की मंडपाचा, तर त्यांचा तयार डेमो बघू नका. तिथे पेनं आणि खोकी विकलेली असतात. आपलं मागच्या वर्षीचं एक पुरं झालेलं काम काढा, अ‍ॅडव्हान्सपासून डिपॉझिटपर्यंत, आणि समोर बसवून भरून मागा. दुसऱ्या बिलात पहिलं दिसतं का बघा. साइट दुसऱ्या राज्यात टाकून कर बदलतो का बघा. रोखलेल्या रकमेला स्वतःची तारीख देता येते का विचारा. 'मॅडम, ते पुढच्या व्हर्जनला येणार आहे' असं म्हणाले, तर पैसेही पुढच्या व्हर्जनला देऊ म्हणावं.