डोंगर किती हिरवा?

काही वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका शाळेत निसर्गचित्र स्पर्धेचा परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. भौतिकशास्त्राच्या माणसाला चित्रांचा परीक्षक का नेमले, हे कोडे मला अजून सुटलेले नाही, पण गेलो. पाचवी ते सातवीच्या मुलांनी जलरंगात केलेली चित्रे टेबलावर रचून ठेवली होती. जवळजवळ प्रत्येक चित्रात दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध किरणांसह सूर्य, खाली रुंदावत येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, नारळाचे झाड आणि आकाशात बरोबरच्या खुणांसारखे पक्षी.

एका चित्रातला डोंगर मात्र हिरवा नव्हता. तो राखाडी-निळा, फिकट आणि कडांना पुसट होता. ब्रश धुतलेले गढूळ पाणी वापरले असावे असे समजून मी ते चित्र बाजूला ठेवले आणि बक्षीस एका स्वच्छ, हिरव्यागार डोंगराला दिले. संध्याकाळी फाटकाबाहेर आलो तर पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांची रांग उभी होती. राखाडी-निळी, फिकट, कडांना पुसट! त्या मुलाने पाहिले तेच रंगवले होते. प्रकाशाचे विकिरण वर्गात शिकवलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी, याची लाज वाटली.

दूरचा डोंगर निळसर का दिसतो, हे आपण आठवी-नववीच्या मुलांना सांगतोच. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये काही किलोमीटर जाडीचा हवेचा थर असतो. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतात. रॅले यांनी १८७१ साली याचे गणित मांडले. हा विखुरलेला प्रकाश डोंगराकडून येणाऱ्या प्रकाशात मिसळतो. मुंबईच्या हवेत धूळ आणि बाष्प भरपूर. त्यांचे मोठे कण सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून आपल्या डोंगरांच्या निळाईत राखाडीही येते. विज्ञानाच्या तासाला शिकलेली ही गोष्ट चित्रकलेच्या तासाला मात्र चूक ठरते. ‘डोंगर हिरवा असतो’ असे सांगून आपण तो मुलाकडून पुन्हा रंगवून घेतो.

खरे तर मुलाचे डोळे चुकत नाहीत, त्याला माहिती आडवी येते. डोंगरावर झाडे आहेत, झाडे हिरवी असतात, तेव्हा डोंगर हिरवा. हे तपासायला एक सोपा प्रयोग आहे. पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या पुठ्ठ्याला पेन्सिल जाईल एवढे भोक पाडा. पुठ्ठा हातभर अंतरावर धरून भोकातून फक्त डोंगराचा तुकडा पाहा आणि भोकाशेजारी आंब्याचे एक पान धरा. डोंगर हिरवा म्हणणारी मुले स्वतःच चकित होतात. स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आकाशाची निळाई मोजण्यासाठी निळ्या रंगाच्या चढत्या छटांचे कागदी वर्तुळ तयार केले होते. एकाच निळ्या वडीत थेंब थेंब पाणी वाढवत मुलांनाही अशी पट्टी करता येईल. पाण्याने रंग पातळ करणे म्हणजेच जलरंगाची निम्मी विद्या!

आता तो दोन डोंगरांमधला सूर्य पाहा. सूर्य डोंगरामागे असेल तर आपल्याकडची उतरण सावलीत असायला हवी. आपल्या चित्रांत ती लख्ख उजळलेली असते आणि झोपडीची सावली बहुधा नसतेच. हे चित्र सकाळचे की संध्याकाळचे, असे मुलांना विचारून पाहावे. बोरिवलीकरांना याच टेकड्या पूर्वेला, मुलुंडकरांना पश्चिमेला. बोरिवलीच्या मुलाला सूर्य डोंगरावरून उगवताना दिसतो, मुलुंडच्या मुलाला डोंगराआड बुडताना. सकाळच्या शाळेत बोरिवलीचा डोंगर सावलीत, तर मुलुंडचा उजेडात. एप्रिलमध्ये साग निष्पर्ण झाला की दोन्हीकडे तपकिरी. इतके वेगळेपण खिडकीबाहेर असताना दोन्ही ठिकाणची मुले एकच चित्र काढतात. एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्राचा विषय असतो. पण पाहिलेच नाही त्याचे स्मरण कसले करायचे?

कलाशिक्षकांची अडचण मला कळते. साठ मुले, पस्तीस मिनिटांचा तास, बेसिनपाशी पाण्यासाठी रांग. फळ्यावर ठरलेले चित्र काढून दिले की प्रत्येकाच्या कागदावर काहीतरी उमटते आणि भित्र्या मुलालाही धीर येतो. आधी आकाश, मग डोंगर, शेवटी जवळची झाडे, हा त्यातला क्रम तर योग्यच आहे. जलरंग पारदर्शक असतो. त्यात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद, म्हणून फिकटाकडून गडदाकडेच जावे लागते. माझी तक्रार त्याच्या आधीच्या पायरीबद्दल आहे. पेन्सिलीने ठळक बाह्यरेषा काढायची आणि ती खडूने भरावी तशी घट्ट रंगाने भरायची. त्यामुळे लांबचा डोंगर आणि दारातले झाड सारख्याच जोराने पुढे येतात आणि जलरंगाचा पोस्टर कलर होतो. बाह्यरेषेशिवाय, ओल्या कागदावर नुसत्या पातळ निळ्या-राखाडीचा एक हात मारून बघावा. कडा आपोआप विरघळतात, कागद कोरडा झाल्यावर जवळचे झाड त्यावर ठामपणे बसते.

विषयासाठी खेड्यातली झोपडीच हवी असेही नाही. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी आपल्याच गावचा कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर वारंवार रंगवला. घाटकोपरजवळच्या असल्फ्याच्या टेकडीवर घरे एकावर एक रचल्यासारखी चढत गेली आहेत. त्या घरांत राहणारे मूलही कागदावर नदीकाठची एकटी झोपडीच काढते, याचे मला वाईट वाटते.

एक तास मात्र पुरत नाही. जुलैच्या दमट हवेत पहिला हात वाळायलाच पाऊण तास जातो. मग आकाश आणि डोंगर या आठवड्यात, झाडे पुढच्या आठवड्यात असे करावे. आणि कागद! चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद पाणी लागताच फुगतो, रंग खड्ड्यांत साचतो आणि बोलणी मुलाला बसतात. तीनशे ग्रॅम वजनाचा जाड कागद महाग असतो, हे खरे. पण एका मोठ्या तावाचे आठ तुकडे होतात, आणि एका डोंगराला तेवढा तुकडा पुरतो.