ज्ञानगंगेच्या टेलला

कालव्याच्या शेवटच्या टोकाला आमच्याकडे 'टेल' म्हणतात. आवर्तन सुटले की विसर्गाचा आकडा वर्तमानपत्रात येतो. टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत किती पाणी पोचले, याचा आकडा क्वचितच वाचायला मिळतो. मनमाडकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वागदर्डी धरण आणि पालखेडचे आवर्तन यांवर अवलंबून असलेल्या या गावाने उन्हाळ्यात पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी येणारा नळ पाहिला आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकला गंगापूर धरणाजवळ आहे, त्या परिसराचे नाव 'ज्ञानगंगोत्री' आणि विद्यापीठाचे ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. पाण्याचीच उपमा घ्यायची, तर तिचा हिशेबही पाण्यासारखाच मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी थोडा इतिहास. दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. ब्रिटनमध्ये 1969 साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि 1971 पासून तिथे अध्यापन सुरू झाले. आपल्याकडे जी. पार्थसारथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1974 मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची शिफारस केली. प्रत्यक्षात पहिले मुक्त विद्यापीठ आंध्र प्रदेशात 1982 साली उभे राहिले, 1985 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि जुलै 1989 मध्ये नाशिकचे. नाशिकचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. पत्रद्वारा शिक्षण आणि मुक्त शिक्षण यांतला फरक येथे लक्षात घ्यायला हवा. पहिल्यात नेहमीच्याच महाविद्यालयाचा अभ्यासक्रम टपालाने येत असे. दुसऱ्यात प्रवेशाची अटच बदलली. बारावी नसलेल्या माणसाने पूर्वतयारी शिक्षणक्रम पूर्ण करावा आणि पदवीच्या वर्गात बसावे, ही महाराष्ट्रात लहान गोष्ट नव्हती.

प्रस्तुत लेखक त्याच दारातून आत आला. दहावीनंतर शाळा सुटलेली, दिवसभर दुकानात नोकरी, वाचन रात्री आणि गाडीत. पहिल्याच वर्षी घरून लिहून दिलेला एक स्वाध्याय तपासून परत आला. समासात लाल शाईने एकच वाक्य होते : हे मत तुमचे की पुस्तकाचे? ते लिहिणाऱ्या समंत्रकांशी माझे एकंदर तीनचार वेळाच बोलणे झाले असेल. पण आज जे थोडेफार संशोधन हातून होते, त्याची सुरुवात त्या वाक्यापासून आहे.

ही भावुक आठवण म्हणून सांगत नाही. दूरशिक्षणाच्या अर्थकारणात त्या वाक्याला जागा कुठे आहे, हा माझा प्रश्न आहे. जर्मन अभ्यासक ओटो पीटर्स यांनी दूरशिक्षणाला कारखानदारी उत्पादनाची उपमा दिली. पुस्तक लिहून घेणे, तपासणे, छापण्याची तयारी करणे हा खर्च एकदाच होतो. विद्यार्थी हजार असोत की लाख, तो फारसा बदलत नाही. म्हणून संख्या वाढली की दरडोई खर्च उतरतो. नियोजनकारांना दूरशिक्षण आवडते ते यामुळे. पण समंत्रकाचा वेळ या नियमात बसत नाही. विद्यार्थी दुप्पट झाले की तपासण्याचे स्वाध्यायही दुप्पट होतात. साहजिकच काटकसरीची वेळ आली की कात्री आधी तिथेच लागते. टेलचे पाणी तुटते ते असे. त्यात कुणाचा दुष्टपणा असावा लागत नाही, अंदाजपत्रकाची रचनाच तशी आहे.

अमेरिकी अभ्यासक मायकेल मूर यांनी दाखवून दिले की शिक्षणातले अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. संवाद जितका कमी आणि अभ्यासक्रमाचा साचा जितका घट्ट, तितके अंतर जास्त. या कसोटीवर आपली स्वयंअध्ययनाची पुस्तके तपासून पाहावीत. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये प्रश्न, शेवटी उत्तरे, ही मांडणी उपयोगी आहे. एकट्याने वाचणाऱ्याला ती रस्ता दाखवते. तिची मर्यादा अशी, की प्रश्नाचे उत्तर आधीच छापलेले असते. इतिहासातील सनावळीला हे चालते. साहित्याला किंवा समाजशास्त्राला चालत नाही. कवितेच्या अर्थाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी सापडत असेल, तर वाचक ते उलटून पाहणार आणि पाठ करणार. अशा ठिकाणी पुस्तकाला न जमणारे काम समासातले ते वाक्य करते.

राष्ट्रीय नियोजनाची भाषा मात्र अजून विसर्गाचीच आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणातील एकूण नोंदणीचे प्रमाण 26.3 टक्क्यांवरून 2035 पर्यंत 50 टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले आहे आणि त्यासाठी मुक्त व दूरशिक्षणाकडे बोट दाखवले आहे. नोंदणी म्हणजे धरणाच्या दारावरचे मोजमाप. दुसरीकडे दर्जाची काळजी आली की ती बंदीच्या रूपाने येते. 2019 मध्ये कृषी विषयातील पदवी दूरशिक्षणातून देण्यास मनाई झाली. प्रयोग आणि शेतावरचे काम घरबसल्या होत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण प्रात्यक्षिक कुठे, कुणाच्या देखरेखीखाली आणि किती दिवस व्हावे हे ठरवणे नियोजनाचे काम होते. कांदा पिकवणाऱ्या नाशिक जिल्ह्यात, शेतावरच राहणाऱ्या विद्यार्थ्याला शेतीची पदवी दुरून घेता येऊ नये, यात विसंगती दिसते.

मोबाइलमुळे आता टेल उरलाच नाही, असे काही जण म्हणतात. व्याख्याने खरोखरच हातात आली आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. पण चित्रफीत हीसुद्धा एकदाच खर्च करून लाखांना वाटायची वस्तू आहे. पुस्तकाचे अर्थकारण तिलाही लागू पडते. ती पाहणाऱ्याला प्रश्न विचारायला शेवटी कुणीतरी माणूस लागतोच.

तेव्हा मागणी छोटी आहे. प्रत्येक शिक्षणक्रमाच्या वार्षिक अहवालात प्रवेशसंख्येशेजारी आणखी तीन आकडे छापावेत : किती जणांनी शिक्षणक्रम पूर्ण केला, एका समंत्रकामागे किती विद्यार्थी होते आणि किती स्वाध्याय लेखी शेऱ्यासह परत गेले. तिसरा आकडा गोळा करणे सर्वांत कटकटीचे आहे, हे मान्य. माझा तो स्वाध्याय अजून जपून ठेवला आहे. कागद पिवळा पडला, लाल शाई फिकट झाली. समासातल्या प्रश्नाला मात्र माझे पूर्ण उत्तर अजून लिहून व्हायचे आहे.