थीम पार्क खोटं असतं, बरं मग?

परदेशातल्या थीम पार्कच्या सहलीचा विषय निघाला की अभ्यासकांच्या बैठकीत एक ठरलेलं वाक्य येतं: "सगळं खोटं असतं हो ते." राजवाडा खोटा, डोंगर खोटा, उंदीर तर खोटा आहेच. या वाक्यामागे बरीच मोठी परंपरा आहे. उम्बेर्तो एको या इटालियन लेखकाने १९७५ मध्ये अमेरिकेतल्या नकली जागांवर एक लांबलचक निबंध लिहिला, त्यात डिस्नेलँड होतं. १९८१ मध्ये जाँ बोद्रिलार त्याच्याही पुढे गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की डिस्नेलँड उघडउघड काल्पनिक ठेवलं जातं ते बाहेरची अमेरिका खरी वाटावी म्हणून.

दोघांनाही वाचायला मजा येते. पण आता नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगावकडची कुटुंबंही मुलांना घेऊन सिंगापूर नाहीतर हाँगकाँगला जाऊन येतात. कुणाचा द्राक्षाचा माल चांगला गेलेला असतो, कुणाच्या घरात पुण्याच्या आयटीतला पगार येतो, तर कुणाला २०२३ च्या जुलैसारखा टोमॅटोचा भाव सापडतो. या लोकांना "ते खोटं आहे" असं सांगून आपण नवीन काय सांगितलं? सहा वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक असतं. जत्रेतल्या पाळण्यावर बसताना तो घोडा लाकडाचा आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं का?

म्हणून आज या दोघांना बाजूला ठेवून तिसऱ्याकडे वळते. ॲलन ब्रायमन हा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. त्याचं 'द डिस्नेयझेशन ऑफ सोसायटी' हे पुस्तक २००४ मध्ये आलं. त्याआधी १९९९ मध्ये याच नावाचा त्याचा शोधनिबंध छापून आला होता. पर्यटनावर संशोधन करणाऱ्या कुणालाही हे पुस्तक टाळता येत नाही. मला ते आवडतं, आणि त्यात एक मोठी फट आहे असंही वाटतं. दोन्ही सांगते.

पुस्तक काय म्हणतं

ब्रायमन खरं-खोटं या वादात पडत नाही. तो विचारतो, डिस्नेची उद्यानं चालतात कशी? आणि ती पद्धत उद्यानाबाहेर, म्हणजे हॉटेलात, मॉलमध्ये, प्राणिसंग्रहालयात कुठवर पसरली आहे? उत्तरादाखल तो चार गोष्टी मांडतो. त्या आपल्याकडच्या उदाहरणांनी समजून घेऊ.

पहिली, थीम. म्हणजे जागेला एक गोष्ट चढवायची. साधं जेवणाचं हॉटेल असतं. त्याच्या दारात बैलगाडीचं चाक टांगलं, वाढप्याला फेटा बांधला, भिंतीवर वारली चित्रं काढली की ते 'वाडा' होतं. जेवण तेच राहतं, पण आता आपण गोष्टीचे पैसे देतो.

दुसरी, सरमिसळ. जेवण, खरेदी, मुक्काम, करमणूक हे सगळं एकाच आवारात आणायचं, म्हणजे माणूस बाहेर पडत नाही. पुणे-नाशिक महामार्गावरच्या ज्या हॉटेलांत मुलांसाठी घसरगुंडी असते, तिथे मिसळ खायला थांबलेलं कुटुंब तासभर हलत नाही. हे त्याचंच छोटं रूप.

तिसरी, छापील माल. कप, टोपी, टीशर्ट, किल्लीची साखळी, सगळ्यावर तेच चित्र.

चौथी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: कामाचं नाटक होणं. डिस्नेच्या उद्यानांत नोकराला नोकर म्हणत नाहीत, 'कास्ट मेंबर' म्हणतात, म्हणजे नाटकातला पात्रवर्ग. गिऱ्हाईक म्हणजे 'गेस्ट'. कामाची जागा म्हणजे रंगमंच, मागची बाजू म्हणजे पडद्यामागे. तिथे हसणं हा कामाचाच भाग असतो. यामागे आर्ली हॉकशील्ड हिचं १९८३ चं संशोधन आहे. विमानातल्या परिचारिकांना आपल्या भावनाही ड्युटीवर न्याव्या लागतात, असं तिने दाखवलं होतं.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. तेव्हापासून ही चौथी गोष्ट आपल्या फार जवळ आली आहे. पाहुण्याला भाकरी वाढणं हे आपल्याकडे अगत्य. तीच भाकरी शनिवार-रविवार चाळीस लोकांना, चुलीपुढे बसून, फोटो निघत असताना हसतमुखाने वाढायची म्हटली की अगत्याचं काम कधी झालं ते कळतही नाही. आणि ते काम बहुतेक घरातल्या बाईच्या वाट्याला येतं. ब्रायमन वाचल्याशिवाय हे मला इतकं स्वच्छ दिसलं नसतं. पुस्तकाचं हे श्रेय मोठं आहे.

फट कुठे आहे

पुस्तकात नियंत्रण आणि पाळत यावर एक अख्खं प्रकरण आहे. उद्यानात माणसांची ये-जा कशी वळवली जाते, कॅमेरे कसे असतात, रांगा कशा आखलेल्या असतात. त्या काळातल्या नगररचनेच्या अभ्यासकांचाही हाच सूर होता. शहरं थीम पार्कसारखी होत चालली, धुऊन-पुसून सुरक्षित झाली, सगळीकडे कुंपण आणि पहारा आला, अशी त्यांची तक्रार.

आता हेच प्रकरण जुन्नर-आंबेगावात बसून वाचा.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. उसात बिबट्या राहायला लागला, तिथेच वीत घालायला लागला. आता तो इथलाच रहिवासी आहे. माणसांवर हल्ले झाले, त्यात लहान मुलं गेली. त्यामुळे वाडीवस्तीवरच्या घरांत दिवेलागणीनंतर पोराला अंगणात एकटं सोडत नाहीत. शाळा लांब असेल तर ने-आण करायला मोठं माणूस लागतं. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला निघालेला बाप हातात काठी-बॅटरी घेऊन जातो, आणि तो परत येईपर्यंत घर जागं असतं.

अशा घरातलं आठ-नऊ वर्षांचं मूल परदेशातल्या उद्यानात रात्री नऊ वाजता आईचा हात सोडून पुढे पळतं, तेव्हा त्याला काय मिळतं? पुस्तकाच्या भाषेत उत्तर आहे 'नियंत्रित अनुभव'. त्या मुलाच्या भाषेत त्याला मोकळीक म्हणतात. कुंपण, पहारा, दिवे, सपाट रस्ता, हरवलेल्या मुलांसाठी वेगळी खोली, या सगळ्याने आईबापाच्या डोक्यावरचा एक भार उतरतो आणि तेवढ्यापुरतं मूल सुटतं. ब्रायमनने कामगार पाहिला, मालक पाहिला, गिऱ्हाईकही पाहिलं. मूल मात्र त्याच्या पुस्तकात मुख्यतः खेळणं मागणारं म्हणून येतं. मुलाच्या डोळ्यांनी कुंपण कसं दिसतं, हा प्रश्न त्याला पडलेला नाही. पडायचं कारणही नव्हतं म्हणा. तो लिहीत होता त्या गावात संध्याकाळी मुलं सायकली घेऊन बाहेर पडत असणार.

गंमत म्हणजे डिस्नेलँडची जन्मकथा मुलापासूनच सुरू होते. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायचा आणि स्वतः बाकड्यावर शेंगदाणे खात बसायचा. मुलं खेळतात आणि आईबाप कंटाळतात, दोघांना एकत्र मजा येईल अशी जागा का नसावी, असं तिथे मनात आलं, हे त्याने पुढे सांगितलं. १७ जुलै १९५५ ला अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. राजवाडा नंतरचा. आधी होतं ते कंटाळलेल्या बापाचं बाकडं.

पण मोकळीक विकत मिळते

म्हणून मी थीम पार्कची वकिली करते आहे असं समजू नका. आक्षेप आहेच, फक्त तो वेगळ्या ठिकाणी घ्यायला हवा. तो ठिकाणा आहे रांग.

जत्रेत प्रत्येक पाळण्याचे वेगळे पैसे. खिशात असतील तेवढे फेरे, मग घरी. डिस्नेलँडमध्येही १९८२ पर्यंत तिकिटांची पुस्तकं असायची, साध्या खेळाला एक तिकीट, भारी खेळाला दुसरं. पुढे एकच प्रवेश तिकीट आलं. दारात पैसे भरले की आत सगळी मुलं सारखी. आत राहिली फक्त रांग, आणि रांगेत कलेक्टरचं पोरगं आणि कारकुनाचं पोरगं एकामागे एक उभं. १९९९ मध्ये फास्टपास आला, म्हणजे ठरावीक वेळ घेऊन यायचं आणि कमी थांबायचं. तो तिकिटातच मिळायचा. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या डिस्ने उद्यानांत त्याच्या जागी वेगळे पैसे मोजून घ्यायची सोय आली. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्येही पुढे जाण्यासाठी एक्सप्रेस पास विकत मिळतो. म्हणजे मुलांच्या डोळ्यांदेखत शेजारून दुसरी मुलं पुढे जातात. का, असं मूल विचारतं. उत्तर आईबापाला द्यावं लागतं.

दुसरा आक्षेप घरात आहे. गोठ्यात दोन-चार गाई असल्या की धारा काढायला कुणीतरी मागे राहावंच लागतं. बहुधा आजी-आजोबा राहतात. कौटुंबिक सहल म्हणून जे विकलं जातं त्यातलं कुटुंब चौघांचं असतं, आई-बाप आणि दोन मुलं. पॅकेजचा भाव त्या मापाने ठरतो, खोलीही त्याच मापाची. आपल्या घरांचं माप तसं नाही.

म्हणजे सुरक्षितता खरी, मोकळीकही खरी, पण ती चार दिवसांची, मोजून विकत घेतलेली आणि घरातल्या सगळ्यांना न परवडणारी. परत आलं की ऊस तिथेच आहे. माझ्या मते थीम पार्कवरची खरी टीका ही आहे, आणि 'खोटं आहे' म्हणणाऱ्यांना ती दिसत नाही.

आपण नक्कल कशाची करतोय?

हे सगळं इथे लिहायचं कारण २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, नाणेघाट आहे. पर्यटन वाढावं यात वाद नाही. पण विकास म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा येतात कमान, सेल्फी पॉइंट आणि रंगीत दिवे. म्हणजे ब्रायमनच्या यादीतली पहिली गोष्ट. थीम पार्कमधलं जे आईबापाच्या खरंच उपयोगी पडतं, ते यादीत शेवटी येतं: बसायला बाकडं, सावली, स्वच्छ संडास, प्यायचं पाणी, तान्ह्या बाळासाठी हिरकणी कक्ष, उतारावर धरायला कठडा, आजीला चढता येईल अशी पायरी. नाणेघाटात दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात त्यात जकात जमा व्हायची, असं सांगतात. पैसे घेण्याची सोय आपल्याकडे दोन हजार वर्षं जुनी आहे. बसण्याची सोय अजून व्हायची आहे.

जुन्नर तालुक्यातल्या आंबेगव्हाणला बिबट सफारी करायचा प्रस्ताव याच तराजूत घालून बघा. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आधीपासून आहे. सफारी झाली तर पुण्या-मुंबईची मुलं जाळीच्या गाडीतून बिबट्या बघतील, रोजगार मिळेल, चांगलंच आहे. पण त्याने वस्तीवरच्या मुलाची संध्याकाळ मोकळी होणार नाही, आणि तशी ती होईल असं सांगूही नये. बिबट्या इथून उचलून तिथे नेला की प्रश्न सुटतो ही समजूत विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याच भागातल्या माहितीवर तपासली होती. २०११ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात दिसलं ते उलटंच. पकडून दुसरीकडे सोडल्यानंतर हल्ले वाढले होते. बाहेरच्या मुलाला तिकीट काढून थरार आणि इथल्या मुलाला फुकटात भीती, असा हिशोब होत असेल तर तो मांडायला हवा. दिवसा वीज, वस्तीवर दिवे, बंदिस्त गोठा, शाळेपर्यंत गाडी, या गोष्टी पर्यटनाच्या आराखड्यात बसत नाहीत म्हणून बाजूला पडू नयेत.

एक चांगलं उदाहरण आपल्याच दारात आहे. खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे प्रदर्शन भरतं, लोकांना आत जाता येतं. जत्रेसारखी गर्दी होते. शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात आणि आलेल्या मोठ्यांना समजावून सांगतात. तिथे मूल गिऱ्हाईक नसतं, यजमान असतं. ब्रायमनच्या चौकटीत या जागेला खण नाही.

तर पुस्तक वाचा का? जरूर वाचा, विशेषतः कृषी पर्यटन केंद्र काढायचा विचार असेल तर कामगारांवरचं प्रकरण दोनदा वाचा. परवडत असेल तर मुलांना सिंगापूरलाही न्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त आल्यावर मुलांना 'काय बघितलं' एवढंच न विचारता 'तिथे काय करता आलं जे इथे करता येत नाही' हेही विचारा. उत्तरं लिहून ठेवा. ग्रामसभेत पर्यटनाचा पुढचा आराखडा येईल तेव्हा ती यादी घेऊन जा.