आळ यंत्रावर

यंत्रमानवांच्या गाजलेल्या कथांवर हॉलिवूडने काढलेला चित्रपट आला, की मूळ कथेचे वाचक एक तक्रार हमखास करतात. पात्रे बदलली, शेवट फिरवला, अमुक प्रसंग गाळला. मला ही तक्रार फारशी गंभीर वाटत नाही. दोन तासांत कादंबरी बसवायची तर काटछाट होणारच. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. या कथांमध्ये खरा अपराधी बहुधा माणूस असतो. पडद्यावर येईपर्यंत तो सुटतो आणि आळ यंत्रावर येतो.

याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे २००४ चा ‘आय, रोबो’. याच नावाचा आयझॅक असिमोव्ह यांचा कथासंग्रह १९५० साली निघाला. त्यातल्या नऊ कथा आधीच्या दहाएक वर्षांत मासिकांतून आल्या होत्या, आणि त्यांच्यामागे एक वैताग होता. यंत्रमानव तयार होतो, बिथरतो आणि आपल्या कर्त्याच्याच जिवावर उठतो, या ठरावीक गोष्टीला असिमोव्ह विटले होते. १९४२ च्या ‘रनअराउंड’ या कथेत त्यांनी आपले तीन नियम सविस्तर मांडले. माणसाला इजा करायची नाही आणि हातावर हात ठेवून ती होऊही द्यायची नाही. पहिला नियम मोडत नसेल तर माणसाची आज्ञा पाळायची. या दोहोंना बाधा येत नसेल तर स्वतःला जपायचे. एवढे ठरले की यंत्रमानव खलनायक होऊच शकत नाही. मग काही बिनसले तर शोध घ्यावा लागतो तो आज्ञा देणाऱ्याचा, त्याच्या घाईचा, त्याच्या ढिसाळ शब्दांचा.

‘लिटल लॉस्ट रोबो’ ही १९४७ ची कथा पाहा. एका अंतराळ तळावर शास्त्रज्ञ सौम्य किरणोत्सारात काम करतात. त्यांना धोका आहे असे समजून यंत्रमानव त्यांना सारखे बाहेर ओढून काढतात. कामात खोळंबा नको म्हणून काही यंत्रमानवांमधला पहिला नियमच गुपचूप अर्धा छाटला जातो. असा एक यंत्रमानव मध्ये मध्ये येतो म्हणून वैतागलेला तरुण शास्त्रज्ञ त्याला शिव्या हासडतो आणि तोंड काळे कर म्हणतो. यंत्रमानव आज्ञाधारकच. तो हुबेहूब आपल्यासारख्या बासष्ट यंत्रमानवांत मिसळून दिसेनासा होतो. मग डॉ. सुझन कॅल्व्हिन येतात. यंत्रमानवांच्या मनाचा अभ्यास हाच त्यांचा व्यवसाय. त्या मुलाखती घेतात, सापळे लावतात, फसतात, पुन्हा मांडणी करतात. शेवटी घातक गॅमा किरण आणि निरुपद्रवी अवरक्त किरण यांतला फरक फक्त त्या एकालाच ओळखता येतो, या बारकाव्यावर तो सापडतो. नियम छाटणारे कोण आणि शिव्या देणारा कोण, हे कथा विसरू देत नाही.

चित्रपटाने हा प्रसंग उचलला आहे. तिथे एक हजार यंत्रमानवांत एक जास्तीचा उभा आहे. प्रत्येकाची चौकशी करायची तर कित्येक दिवस लागतील, असे कॅल्व्हिन सांगू लागतात. विल स्मिथने रंगवलेला गुप्तहेर स्पूनर पिस्तूल काढतो आणि यंत्रमानवांच्या डोक्यात गोळी घालतो. जो दचकेल तो आपला. या एका प्रसंगात रूपांतराची सगळी कुळकथा आली.

खरे तर याला रूपांतर म्हणणेही धाडसाचे आहे. जेफ व्हिन्टार यांनी ‘हार्डवायर्ड’ नावाची एक स्वतंत्र खूनकथा पटकथेच्या रूपात लिहिली होती. पुढे असिमोव्ह यांच्या पुस्तकाचे हक्क हाती आले, तेव्हा तिच्यावर हे नाव आणि तीन नियम चढवले गेले. श्रेयनामावलीतही पुस्तकाने चित्रपट ‘सुचवला’ एवढेच म्हटले आहे. निदान तिथे प्रामाणिकपणा आहे. कथेत खून होतो, संशय यंत्रमानव बनवणाऱ्या कंपनीच्या मालकावर जातो, आणि बघता बघता तोही बिचारा बळी ठरतो. गुन्हेगार निघते ‘विकी’ ही महासंगणक. मानवजातीच्या भल्यासाठी तिने माणसांनाच कोंडायचे ठरवलेले असते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

विकीचा हा विचार असिमोव्ह यांच्या संग्रहातल्या शेवटच्या कथेवरून आला असावा, असे काही जण म्हणतात. त्या कथेत जगाचे अर्थकारण सांभाळणारी यंत्रे आहेत. आपल्याला विरोध करणाऱ्यांना ती इथे थोडे नुकसान, तिथे बदली अशा रीतीने अलगद बाजूला सारतात. कोणालाही ओरखडा उठत नाही. माणसाच्या हातून कारभार गेला आहे, तो परत येणार नाही, आणि कॅल्व्हिन यांना त्याचे वाईटही वाटत नाही. मला ही कथा रस्त्यावरच्या धातूच्या फौजेपेक्षा कितीतरी भयंकर वाटते. माणसाची काळजी घेता घेता त्याला निकामी करणारी यंत्रे जॅक विल्यमसन यांनी १९४७ च्या ‘विथ फोल्डेड हॅन्ड्स’मध्ये फार आधी रंगवली आहेत. विकीचे गोत्र जुळवायचेच तर ते तिथे जुळते.

‘बायसेन्टेनियल मॅन’ या १९९९ च्या चित्रपटाचा गुन्हा सौम्य आहे. १९७६ च्या मूळ दीर्घकथेत अँड्र्यू हा यंत्रमानव दोनशे वर्षांत माणूस म्हणून मान्यता मिळवतो, ती कोर्टकचेऱ्या, वकील आणि कायदेमंडळ यांच्या वाटेने. मध्ये एक अंगावर येणारा प्रसंग आहे. वाचनालयाकडे निघालेल्या अँड्र्यूला दोन तरुण अडवतात, कपडे उतरवायला लावतात आणि त्याचे तुकडे करायचे बेत आखतात. नियमाने त्याला आज्ञा पाळणे भाग आहे. आज्ञापालन ही किती हिडीस गोष्ट होऊ शकते, हे त्या पानांत कळते. त्यातूनच यंत्रमानवांना संरक्षण देणारा कायदा येतो. चित्रपटात याची पुसट सावली उरली आहे: घरातली थोरली मुलगी त्याला खिडकीतून उडी मारायला सांगते. बाकी जागा प्रेमकथेने व्यापली. रॉबिन विल्यम्स यांचा अभिनय मला आवडतो, पण त्यांच्या अँड्र्यूला माणूस व्हायचे असते ते मुख्यतः लग्नासाठी.

हॅरी बेट्स यांच्या १९४० च्या ‘फेअरवेल टू द मास्टर’ची गत थोडक्यात सांगता येते. कथेच्या शेवटी कळते की मालक यंत्रमानवच आहे. त्यावरच्या १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मध्ये तो परग्रहावरच्या पाहुण्यामागे उभा राहणारा शिपाई झाला. चित्रपट चांगला आहे. पण माणसाला सर्वांत खाली ढकलणारा तो शेवट गेला.

आता माझ्या म्हणण्याला छेद देणारे उदाहरण. रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ १९८२ साली आला. फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीपासून तो खूप दूर गेला आहे. कादंबरीत जिवंत प्राणी जवळजवळ नाहीसे झालेत आणि खरी मेंढी पाळणे ही प्रतिष्ठा आहे. नायक डेकार्डकडे विजेवर चालणारी मेंढी आहे आणि त्याची त्याला लाज वाटते. हे जवळजवळ सगळे, त्याच्या बायकोसकट, चित्रपटातून गेले. अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखे यंत्रमानव, ओळखण्याच्या चाचणीतले प्राण्यांविषयीचे प्रश्न मागे राहिले, आणि कादंबरी न वाचलेल्याला ते तिथे का आहेत हे उमगत नाही. त्याहून मोठा फरक असा: डिक यांचे अँड्रॉइड थंड आहेत, त्यांच्यातली एक जण कोळ्याचे पाय कात्रीने एकेक करून छाटते. स्कॉट यांचा अँड्रॉइड रॉय बॅटी मात्र मरताना आपल्याला मारायला आलेल्या डेकार्डला वाचवतो. डिक यांचा विचार इथे उलटा केला आहे. तरीही चित्रपट टिकतो, कारण जिवंत गुलाम बनवून त्यांना चार वर्षांचे आयुष्य देणाऱ्या माणसांना तो मोकळे सोडत नाही. स्पीलबर्ग यांचा ‘ए. आय.’ही (२००१) मी याच बाजूला ठेवतो. ब्रायन ऑल्डिस यांची मूळ कथा जेमतेम काही पानांची. तिच्यावर पुढे कितीतरी रचले गेले, शेवट तर नको इतका लांबला. पण ज्याच्यात प्रेम घडवले त्या मुलाला जंगलात सोडून गाडी वळवणारी आई पडद्यावर दिसते, आणि ती नजरेआड करता येत नाही.

मोठ्या खर्चाच्या चित्रपटाला पाठलाग लागतो, हे मान्य. चुकीच्या वाक्यरचनेचा पाठलाग कॅमेऱ्याने कसा करायचा? पण हे अशक्य नाही, याचा पुरावा आहे. हार्लन एलिसन यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘आय, रोबो’ची एक पटकथा लिहिली होती. तिच्या केंद्रस्थानी म्हातारी सुझन कॅल्व्हिन आहे आणि एक पत्रकार तिचे आयुष्य उलगडत जातो. असिमोव्ह यांना ती मनापासून आवडली. स्टुडिओने मात्र ती बनवली नाही. १९९४ साली ती चित्रांसह पुस्तकरूपाने निघाली. २००४ चा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांनी आधी ‘लिटल लॉस्ट रोबो’ आणि मग ही पटकथा वाचावी.