उजनीची फेरतपासणी : अभ्यास नेमका कशाचा?

टेंभुर्णीजवळ भीमा नदीवर बांधलेले उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. काठोकाठ भरले म्हणजे त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठते. १९९० च्या दशकात त्याच्या पायथ्याशी सुरू झालेल्या वीजघराची क्षमता मात्र अवघी १२ मेगावॅट आहे. ही तफावत लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण आपला पर्यावरणविषयक कायदा जलविद्युत प्रकल्पाला मेगावॅटच्या मापाने मोजतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २५ मेगावॅटहून लहान वीजघराला, केवळ वीजघर म्हणून, पर्यावरणीय मंजुरी लागत नाही. सिंचनाचा निकष वेगळा आहे; पण पर्यावरणीय आघात तपासण्याची सक्ती करणारी पहिली अधिसूचनाच १९९४ ची, म्हणजे धरणानंतर चौदा वर्षांनी आलेली. शिवाय ही मंजुरी बांधकामापूर्वी एकदाच घ्यायची असते. प्रकल्प एकदा चालू झाला की तो नदीशी कसा वागतो हे ठरावीक मुदतीनंतर पुन्हा तपासण्याची तरतूद त्यात नाही.

अमेरिकेत खाजगी आणि नगरपालिकांच्या जलविद्युत प्रकल्पांना साधारणपणे ३० ते ५० वर्षांचा परवाना मिळतो. तो संपण्याच्या पाच वर्षे आधी मालकाला नव्या परवान्याची इच्छा कळवावी लागते आणि मग कोणकोणते अभ्यास करायचे याचा आराखडा ठरतो. मासेमार, आदिवासी जमाती, राज्य सरकारची खाती, कोणीही अभ्यास सुचवू शकते. मात्र काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. यावर आधीची माहिती काय आहे? ती अपुरी का पडते? प्रकल्प चालवण्याच्या पद्धतीशी या परिणामाचा संबंध कोणता? आणि सर्वांत महत्त्वाचे, निष्कर्ष हाती आल्यावर परवान्यातली कोणती अट त्यामुळे बदलेल? ही तपासणी लुटुपुटीची नसते. मेन राज्यातील केनेबेक नदीवरच्या एडवर्ड्स धरणाला १९९७ मध्ये नवा परवाना नाकारला गेला आणि १९९९ मध्ये ते धरण फोडण्यात आले. त्याची वीजक्षमता होती साडेतीन मेगावॅट.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. केंद्र सरकारच्या स्वतःच्या धरणांना तिथेही हा परवाना लागत नाही, आणि अभ्यासाचा खर्च मालकाने करायचा असल्यामुळे सल्लागारही त्यानेच नेमलेले असतात. परंतु ‘उत्तराने काय बदलेल?’ हा प्रश्न आपण उचलण्याजोगा आहे. तो उजनीला लावून पाहू.

उजनीवर अभ्यास झालेले नाहीत असे नाही. जलाशयाच्या पाण्याचा सामू, क्षार, विरघळलेला ऑक्सिजन, प्लवक यांची मोजदाद करणारे प्रबंध वर्षानुवर्षे लिहिले जात आहेत. ठरलेल्या चार-पाच ठिकाणी महिन्यातून एकदा नमुना घ्यायचा, बारा महिन्यांची सारणी मांडायची आणि पाणी प्रदूषित असल्याचा निष्कर्ष काढायचा, हा त्यांतल्या अनेकांचा साचा. निष्कर्ष खोटा नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. पण नमुना घेतला त्या दिवशी जलाशयाची पातळी किती होती, पाणी कालव्यात सुटत होते की वीजघरातून नदीत, ही नोंद सारणीत क्वचितच आढळते. मग असा प्रबंध वाचून धरण चालवणाऱ्या अभियंत्याने उद्यापासून वेगळे काय करावे?

वेळेची गोष्टही तशीच. शेवाळाने हिरवे झालेले पाणी दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजनने भरते. रात्री तेच शेवाळ श्वसनासाठी ऑक्सिजन वापरते आणि पहाटे पातळी सर्वांत खाली जाते. मासे मरतात ते बहुधा अशा पहाटे. नमुना घेतला जातो सकाळी अकराला, कारण पहिली एस.टी. तेव्हा पोहोचते.

आता धरणाशी थेट निगडित असा एकच प्रश्न नीट मांडून पाहू. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचे पाणी ऊबदार व हलके, तळचे थंड व जड. दोन्ही मिसळत नाहीत. तळच्या थराचा हवेशी संबंध तुटतो. वरून मेलेले शेवाळ खाली येत राहते, जिवाणू ते कुजवताना उरलासुरला ऑक्सिजन संपवतात, गाळातून फॉस्फरस सुटतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. वीजघराचे तोंड या थरात असेल तर टर्बाइनमधून नदीत जाणारे पाणी गुदमरलेले असते. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो; चारच्या खाली गेला की बहुतेक मासे अडचणीत येतात.

पण उजनीत असे थर पडतात का? जलाशय पसरट आहे, माळरानावरचा वारा जोरदार आहे. वारा पाणी ढवळून थर मोडत असण्याची शक्यताही तितकीच आहे. तेव्हा अभ्यास असा हवा : मार्च ते जून, धरणाच्या भिंतीजवळ दर मीटर खोलीला तापमान व ऑक्सिजन मोजायचा, पहाटे आणि दुपारी, त्याच वेळी वीजघराच्या खाली नदीतही. थर सापडले तर वरच्या पातळीवरून पाणी घेणे किंवा टर्बाइनमध्ये हवा सोडणे असे उपाय आहेत. नाही सापडले तर हा प्रश्न यादीतून खोडावा आणि पैसा दुसरीकडे वळवावा. दोन्ही उत्तरांनी काहीतरी ठरते.

असाच एक प्रश्न सोलापूर शहराच्या पाण्याचा. शहरासाठी नदीत सोडलेले पाणी पंढरपूरवरून शंभराहून अधिक किलोमीटर वाहत औज बंधाऱ्यापर्यंत जाते. वाटेत ते वाळूत मुरते, उन्हाने उडते, मोटारी उचलतात. ही उधळपट्टी आहे अशी टीका नेहमी होते आणि धरणापासून थेट येणाऱ्या जलवाहिनीची क्षमता वाढली की नदीत पाणी सोडण्याची गरज कमी होईल. पण उन्हाळ्यात भीमेला वाहते ठेवण्यात या ‘उधळपट्टी’चाच वाटा मोठा आहे! ते आवर्तन कमी झाल्यावर नदीकाठच्या विहिरींचे, डोहांतल्या माशांचे काय होईल? जलवाहिनीच्या अंदाजपत्रकात हा प्रश्न येत नाही. फेरतपासणी असती तर तो टाळता आला नसता.

आधाररेषा कोणती धरायची, हा खरा कठीण मुद्दा. अमेरिकेत आजची स्थिती हीच आधाररेषा मानतात; म्हणजे धरणाने पूर्वीच केलेले नुकसान हिशेबाबाहेर. मला ते पटत नाही. पण उजनीत १९७९ ची नदी आधाररेषा धरली तर भिगवणच्या रोहित पक्ष्यांना ‘परिणाम’ म्हणावे लागेल, आणि चिलापी पकडून पोट भरणाऱ्या कुटुंबांनाही. रोहित तर पातळी उतरून उघड्या पडलेल्या चिखलावर जगतात; पाणी कधी व किती उतरवायचे हे धरणाच्या चालकाच्या हाती. म्हणून ‘पक्षी किती आले’ यापेक्षा ‘कोणत्या पातळीला किती चिखल उघडा पडतो’ ही मोजणी जास्त उपयोगी.

अभ्यास किती वर्षांचा? एक वर्ष येथे निरर्थक आहे. उजनीचा उपयुक्त साठा सुमारे ५३ अब्ज घनफूट. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला, म्हणजे २६ अब्ज घनफुटांहून अधिक मृतसाठा उपसला गेला. त्याच वर्षी पावसाळ्यात धरण भरले. यांतले कोणते वर्ष प्रातिनिधिक?

जलविद्युत केंद्राचे आयुष्य हिशेबात ३५ ते ४० वर्षे धरतात. म्हणजे येत्या दशकभरात उजनीच्या वीजघराच्या नूतनीकरणाचा विषय निघेलच, आणि त्या वेळी यंत्रे बदलण्याबरोबर पाणी सोडण्याच्या अटीही बदलता येतील. त्यासाठीच्या नोंदी आता सुरू व्हायला हव्यात. भीमेवर नरसिंगपूर आणि टाकळी येथे केंद्रीय जल आयोगाची जलमापन केंद्रे आहेत. नदीकाठच्या एखाद्या शाळेने रोज पहाटे पाण्याचे तापमान आणि घाटाच्या कितव्या पायरीला पाणी आहे एवढे लिहून ठेवले, तरी जलमापनाच्या आकड्यांशेजारी मांडायला दुसरा स्तंभ तयार होतो.