न मानलेले मरण

मृत्यूची वार्ता पोहोचणे आणि मृत्यू मान्य होणे या दोन भिन्न घटना होत. पहिली इतिहासाची आहे. तिला तिथी असते, स्थळ असते, क्वचित साक्षीदारही असतात. दुसरी लोकमनाची आहे, आणि पहिलीपाठोपाठ ती घडेलच अशी हमी कोणतीही राजसत्ता देऊ शकत नाही. या दोहोंमधील अंतरात संशयकथा जन्म घेते. अशा कथांकडे एकतर बाजारगप्पा म्हणून पाहिले जाते, किंवा दडपलेले सत्य म्हणून. वाङ्मयाच्या अभ्यासकाला या दोन्ही दृष्टी अपुऱ्या वाटतील. कारण कथा खरी की खोटी एवढाच प्रश्न त्यांत विचारला जातो. ती कोणत्या गरजेतून घडली आणि तिने कोणता आकार घेतला, हा प्रश्न तसाच राहतो. मराठी वाङ्मयाजवळ या प्रश्नाचे एक जुने व समृद्ध प्रकरण आहे. पानिपतच्या रणात नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ आणि त्यांच्या नावाने उभा राहिलेला तोतया, हे ते प्रकरण होय.

पानिपत दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरांवर आहे. आज तो जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो. १७६० च्या ऑगस्टमध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली हस्तगत केली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी, पाच-सहा महिन्यांतच, सारे संपले. विश्वासरावांचा देह शत्रूच्या छावणीत नेण्यात आला, त्यामुळे त्यांच्या मृत्यूविषयी शंका उरली नाही. भाऊसाहेब मात्र अखेरच्या गर्दीत दिसेनासे झाले. दक्षिणेत ही वार्ता पोहोचली तीही आडवळणाने. परंपरेने प्रसिद्ध असलेल्या सावकारी पत्रात नावे नाहीत. मोत्ये आणि मोहरा गमावल्याचा हिशेब आहे. एका साम्राज्याच्या जिव्हारी बसलेल्या घावाची पहिली बातमी रूपकाच्या वेषात यावी, ही गोष्ट पुढील सर्व कथेच्या दृष्टीने सूचक आहे. रूपकाचा अर्थ लावावा लागतो. आणि जेथे अर्थ लावण्यास वाव आहे, तेथे तो नाकारण्यासही वाव असतो.

भाऊसाहेबांच्या मृत्यूचा सर्वांत तपशीलवार पुरावा मराठी भाषेत नाही. तो फारसीत आहे, आणि शत्रुपक्षाच्या छावणीत वावरणाऱ्या एका दक्षिणी ब्राह्मणाच्या लेखणीतून उतरलेला आहे. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने रणांगणावर सापडलेल्या शिरविरहित धडाची ओळख कशी पटवली गेली ते नोंदवून ठेवले. मांडीवरचा काळा डाग, पाठीवरील जुन्या वाराचा व्रण, तळपायावरील शुभरेषा, रोजच्या सूर्यनमस्कारांनी हातांना व गुडघ्यांना पडलेले घट्टे अशा खुणा पाहून ओळखीच्या माणसांनी तो देह भाऊसाहेबांचा ठरवला आणि त्यावर अग्निसंस्कार झाला. पुढे हा वृत्तान्त इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून आधुनिक इतिहासकारांच्या हाती आला. म्हणजे महाराष्ट्राच्या एका मोठ्या शोकाचा पुरावा महाराष्ट्राला दोन परक्या भाषांच्या वाटेने मिळाला. ज्या पिढीला त्याची गरज होती, त्या पिढीजवळ तो नव्हता. तिच्याजवळ होत्या त्या परतलेल्या जखमी शिलेदारांच्या आठवणी आणि बखरी.

बखर ही पुराव्याची शिस्त मानणारी रचना नव्हे. ऐकीव माहिती, प्रत्यक्ष दर्शन आणि भारतीय युद्धाचे संस्कार ती एकाच ओघात वाहू देते. पानिपतवरील बखरींना पदोपदी कुरुक्षेत्र आठवते. ते भूमीनेही जवळ आहे आणि मनानेही. या वाङ्मयीन संस्काराचा एक परिणाम मात्र फारसा ध्यानात घेतला गेलेला नाही. महाभारताच्या चौकटीत थोर वीराला साजेसा अंत लागतो: त्याला कोणी पाडले, कोणत्या क्षणी पाडले, त्याचे अखेरचे बोल कोणते. भाऊसाहेबांच्या बाबतीत ही स्थाने रिकामी होती. ज्या रचनेला अंत हवा आणि ज्या घटनेला तो देता येत नाही, त्या दोहोंच्या संघर्षातून नायक न मेल्याची शक्यता आपोआप डोके वर काढते. संशय येथे कोणी पेरला नाही. कथेच्या मोकळ्या राहिलेल्या जागेत तो उगवला.

त्याचे सर्वांत शुद्ध रूप पार्वतीबाईंच्या ठिकाणी दिसते. पानिपतहून परतलेल्या या स्त्रीने पतीचा मृत्यू मानला नाही आणि वैधव्याची चिन्हे स्वीकारली नाहीत. तिच्या नकारात कोणावर आरोप नाही, कोणत्याही पदावर हक्क नाही. दुसऱ्या टोकाला तोतया उभा आहे. बुंदेलखंडाकडील सुखलाल नावाचा हा कनोजी ब्राह्मण लढाईनंतर काही वर्षांतच भाऊ म्हणून प्रकट झाला, पकडला गेला, माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी झाली आणि तो किल्ल्याकिल्ल्यांवर कैदेत राहिला. पार्वतीबाईंचा नकार आणि सुखलालचा दावा यांना आपण सामान्यतः एकाच अफवेची दोन रूपे समजतो. वस्तुतः त्यांची जात वेगळी आहे. एक शोक आहे, दुसरा त्या शोकाचा व्यापार आहे. संशयवाङ्मयाचे मूल्यमापन करताना ही रेषा प्रथम आखली पाहिजे.

परंतु एवढ्याने तोतयाचे यश उलगडत नाही. १७७६ मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला कैदेतून काढून त्याचा पक्ष घेतला आणि पाहता पाहता कोकणातील किल्ले त्याच्या स्वाधीन झाले. कैदेत पडलेला माणूस दहा-बारा वर्षांनंतर एकाएकी विश्वासार्ह कसा झाला? याचे उत्तर पानिपतात नाही. ते शनिवारवाड्यात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा तेथे, त्यांच्याच वाड्यात, त्यांच्याच गारद्यांकडून खून झाला. चुलत्याकडे बोट दाखवले गेले. आनंदीबाईंनी आज्ञापत्रातील एका अक्षराचा फेरफार करून ‘ध’चा ‘मा’ केला ही आख्यायिका सर्वतोमुखी झाली. तिचा ऐतिहासिक आधार काहीही असो, लोकांचा सरकारी कागदावरील विश्वास किती ढासळला होता याचे ती अचूक माप आहे. जेथे एक अक्षर पेशव्याचा प्राण घेते असे लोक मानतात, तेथे ‘भाऊ पानिपतावर पडले’ हे दरबाराचे वाक्य तरी निःशंकपणे का मानावे? गादीवर जेमतेम दोन वर्षांचे मूल, एका बाजूस कारभारी, दुसऱ्या बाजूस इंग्रजांचा आश्रय घेतलेले रघुनाथराव. अशा काळात मृत वीराचे परत येणे हा भ्रम असला तरी त्या भ्रमाला कारण होते. तोतयावर विश्वास ठेवणारी माणसे त्याच्या चेहऱ्याकडे पाहून फसली असे म्हणण्यापेक्षा पुण्याकडे पाठ फिरवून त्याच्याकडे गेली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पुणे दरबाराने यावर केलेली उपाययोजना अभ्यासनीय आहे. महादजी शिंद्यांच्या फौजेने बंड मोडले, रघुजी आंग्र्यांनी पळालेल्या तोतयाला पकडून दिले. पण त्याला वाटेतच संपवण्यात आले नाही. पुण्यात आणून त्याची पुन्हा चौकशी झाली आणि त्यानंतरच १७७६ च्या डिसेंबरात त्याला देहान्त शासन झाले. हा कारभार ज्यांच्या हाती होता ते नाना फडणीस स्वतः पानिपतावर होते. त्या संहारात त्यांची आई अंतरली होती आणि त्या दिवसांचा अनुभव त्यांनी आपल्या छोट्या आत्मवृत्तात लिहून ठेवला आहे. भाऊसाहेब परत येणे म्हणजे काय, हे त्यांच्याहून अधिक कोणाला कळणार होते? शासनाच्या क्रौर्याबद्दल काहीही मत असो, लोकांच्या शंकेला उत्तर केवळ तलवारीने देता येत नाही, त्यासाठी चौकशीही लागते, हे त्या कारभाऱ्याने ओळखले होते.

आधुनिक मराठी वाङ्मयाने या प्रकरणाला जो पहिला ठळक आकार दिला तो न. चिं. केळकरांच्या १९१३ च्या नाटकात. त्याचे ‘तोतयाचे बंड’ हे नावच निकालपत्र आहे. प्रेक्षक आसनावर बसण्यापूर्वीच त्याला कळते की आलेला माणूस भाऊ नव्हे आणि त्याची चळवळ न्याय्य नव्हे. नाट्यदृष्ट्या या निवडीचा लाभ उघड आहे: प्रेक्षकाला पात्रांपेक्षा अधिक ठाऊक असते आणि त्यातून कुतूहल वाढते. तिची किंमतही तितकीच उघड आहे. १७७६ मधील कोकणी माणूस ज्या अनिश्चिततेत जगला, ती प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाही. त्याला शंका घेण्याची मोकळीक नसल्याने शंका घेणाऱ्यांविषयी सहानुभूती वाटण्याचा मार्गही अरुंद होतो. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ या १९८८ च्या कादंबरीने दुसरे टोक गाठले. तिने पराभवाच्या कलंकाखाली गाडल्या गेलेल्या भाऊसाहेबांना माणूस म्हणून वाचकांपुढे उभे केले आणि ‘ते मेले की नाही’ या प्रश्नापेक्षा ‘ते कसे जगले’ हा प्रश्न मोठा केला. याच लेखकाने दहा वर्षांनी ‘महानायक’मध्ये सुभाषचंद्र बोस यांचे चरित्र हाती घ्यावे हा निव्वळ योगायोग नसावा. ज्यांचे मरण लोकांनी मानले नाही असे दोन नायक एका मराठी कादंबरीकाराला खुणावतात, यात आपल्या वाङ्मयीन जाणिवेचे एक सातत्य आहे.

बोस यांच्या प्रकरणाने दिल्लीच्या दप्तरखान्यात पानिपतची पुनरावृत्ती केली. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैहोकू येथे झालेला विमान-अपघात १९५६ च्या शाहनवाज समितीने बहुमताने मान्य केला. समितीतील त्यांच्या बंधूंनी भिन्न मत नोंदवले. १९७४ मध्ये खोसला आयोगाने अपघाताचाच निर्वाळा दिला. २००५ मध्ये मुखर्जी आयोगाने तो नाकारला आणि शासनाने तो आयोगच नाकारला. २०१६ मध्ये दिल्लीत शंभर फायली खुल्या झाल्या, तरी शंका मिटली नाही. लालबहादूर शास्त्रींचे प्रकरण याहून बोचरे आहे, कारण येथे देह दिल्लीत आला होता. ताश्कंद करारावर सही झाल्यानंतर काही तासांतच, ११ जानेवारी १९६६ च्या पहाटेपूर्वी त्यांचे निधन झाले. शवविच्छेदन झाले नाही. देहावरील काळ्यानिळ्या खुणांविषयी कुटुंबीयांनी विचारलेले प्रश्न अनुत्तरित राहिले. माहितीच्या अधिकाराखाली २००९ मध्ये विचारणा झाली तेव्हा पंतप्रधान कार्यालयाने एक कागद असल्याचे मान्य केले, पण परराष्ट्र संबंधांचे कारण देऊन तो दाखवण्यास नकार दिला. शास्त्रींचा मृत्यू हृदयविकाराने झाला नाही असे यांतील काहीच सिद्ध करीत नाही. परंतु १७६१ मध्ये शत्रूच्या छावणीतही देहाच्या खुणा तपासून नोंदल्या गेल्या, आणि दोनशे पाच वर्षांनी स्वतंत्र देशाच्या राजधानीत तेवढेही घडले नाही, ही तुलना शासनाला शोभा देणारी नाही.

अशी मोकळी जागा सापडली की तोतयाही येतोच. फक्त तो आता माणसाच्या रूपाने येत नाही, कलाकृतीच्या रूपाने येतो. २०१९ च्या ‘द ताश्कंद फाइल्स’ या हिंदी चित्रपटात शास्त्रींच्या मृत्यूवर समितीचा वाद घडतो. पण वादाला आवश्यक असलेली समबलता तेथे नाही. ज्याला शंका नाही तो आधीच संशयित ठरतो. केळकरांच्या शीर्षकातील दोष येथे उलटा होऊन परतला आहे: तेथे शंका घेण्यास जागा नव्हती, येथे शंका न घेण्यास जागा नाही. दोन्हीकडे निकाल अगोदर आणि साक्ष नंतर. शिवाय या प्रकारच्या कृतीत मेलेला माणूसच हरवतो. शास्त्रींचे साधे राहणे, युद्धकाळातील त्यांचा निश्चय, ताश्कंदला पत्करलेली तडजोड यांपैकी काहीही मृत्यूच्या कोड्याइतके महत्त्वाचे राहत नाही.

लोककथा या बाबतीत नाट्यचित्रांपेक्षा उदार असते. रोहतकजवळच्या सांघी गावी भाऊ नाथपंथी साधू होऊन राहिल्याची स्थानिक परंपरा आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती उतरत नाही; पण तिने कोणाला फसवले नाही, कोणाचा किल्ला मागितला नाही. पार्वतीबाईंचाच नकार तेथे परमुलखात, परभाषेत रुजला. अशा परंपरेला खोटी म्हणून झिडकारणारा समीक्षक आणि तिला पुरावा म्हणून मिरवणारा प्रचारक, दोघेही तिची जात ओळखण्यात चुकतात.

तात्पर्य, संशयकथेला शासनाने उत्तर द्यावयाचे ते कागद खुले करून, देह तपासून, चौकशी उघड ठेवून. आणि वाङ्मयाने उत्तर द्यावयाचे ते शोकाला शोक म्हणून व दाव्याला दावा म्हणून ओळखून. पहिल्याने आपले काम टाळले की दुसऱ्याचे काम कठीण होते, कारण मग प्रत्येक शोक दाव्यासारखा वाटू लागतो आणि प्रत्येक दावा शोकाचा वेष घेतो. काशीराजाने नोंदलेल्या खुणांत हातांना पडलेल्या घट्ट्यांची खूण सर्वांत मोलाची आहे. मेलेला मनुष्य कोण होता हे तेथे त्याच्या रोजच्या जगण्याने सांगितले. पानिपतावर, तैहोकूवर किंवा ताश्कंदवर लिहिणाऱ्याने ज्या साक्षीचा शोध घ्यावयाचा, ती हीच होय.