पिशवीचा गुण, पिशवीचा दोष : मुलांच्या कथापुस्तकांतील प्लास्टिक

प्लास्टिकच्या पिशवीविषयी मुलांसाठी लिहिलेल्या कथापुस्तकांत मुलाला गोष्टीत रमवणे आणि त्याच्या हातची पिशवी सोडवणे असे दोन हेतू एकत्र नांदत असतात, आणि बहुतेक वेळा दुसरा पहिल्यावर कुरघोडी करतो. धरणीमाता रडते, कासव आजारी पडते, एक शहाणी मुलगी साऱ्या गावाला कापडी पिशवी घ्यायला लावते आणि गोष्ट संपते. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची मराठी इसापनीती १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे अशा गोष्टीखाली तात्पर्य शोधण्याची सवय मराठी वाचकाला नवी नाही. मात्र इसापच्या कोल्ह्याची लबाडी हा उघड दुर्गुण असतो, तर पिशवीचा दोष तिच्या गुणांतच दडलेला असतो. ती हलकी, स्वस्त, पाणी न शिरणारी आणि न कुजणारी आहे, म्हणूनच ती हवीशी वाटते आणि म्हणूनच ती उकिरड्यावर उरते. हा पेच जे पुस्तक मांडते ते मुलाला काही शिकवते. जे टाळते ते केवळ दटावते.

मिरांडा पॉल यांचे 'वन प्लास्टिक बॅग' (२०१५) हे चित्रपुस्तक, म्हणजे चित्र आणि मजकूर मिळून कथा सांगणारे पुस्तक, हा पेच नेमका पकडते. गांबियातील न्जाऊ गावच्या इसातू सीसे यांच्या खऱ्या कामावर ते आधारलेले आहे. लहानग्या इसातूची टोपली मोडते आणि सापडलेली पिशवी तिला सोयीची वाटते. म्हणजे कथेचा आरंभ निषेधाने नव्हे, तर उपयोगाने होतो. पुढे पिशव्यांचे ढीग साचतात, त्या खाऊन शेळ्या दगावतात आणि इसातू मैत्रिणींसह पिशव्या धुऊन, त्यांच्या पट्ट्या कापून क्रोशाने बटवे विणू लागते. लोकांची थट्टाही तिला सोसावी लागते. एलिझाबेथ झुनोन यांची कोलाजची, म्हणजे कागद-कापडाचे तुकडे चिकटवून केलेली चित्रे या विषयाला साजेशी आहेत, कारण तेथे तुकड्यांतूनच नवी वस्तू घडते. तरीही बटवे विणून साचलेला कचरा कमी होईल, नव्या पिशव्यांचा ओघ थांबणार नाही, हे पुस्तकापलीकडे मुलाला कोणीतरी सांगावेच लागते.

अमेरिकी कवी टेड कूझर यांचे 'बॅग इन द विंड' (२०१०) वेगळी वाट धरते. त्याला वस्तुचरित्र म्हणता येईल, कारण तेथे नायक माणूस नसून वाऱ्याने कचऱ्याच्या मैदानातून उडालेली पिशवी आहे. ती एकामागून एक हातांत जाते. कोणीही दोषी ठरत नाही, पण फेकलेली वस्तू नाहीशी होत नाही, एवढे मुलाला उपदेशावाचून उमगते.

भारतीय पुस्तकांपैकी तारा बुक्सचे 'ट्रॅश!' (१९९९) येथे महत्त्वाचे ठरते. गीता वोल्फ, अनुष्का रविशंकर आणि चित्रकार ओरिजित सेन यांच्या या पुस्तकात घर सोडून चेन्नईत आलेला वेलू कचरा वेचू लागतो. विषय केवळ पिशवीचा नाही, पण कचऱ्याला हात आणि चेहरा मिळाल्यामुळे स्वच्छतेचा प्रश्न श्रमाचा आणि बालपणाचाही होतो. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून उभी असताना, मराठी बालकथेला हे अनुभवविश्व परके राहण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात २६ जुलै २००५ च्या मुंबईतील पुरानंतर तुंबलेल्या नाल्यांमुळे पिशवी वादाचा विषय झाली आणि २०१८ मध्ये तिच्यावर राज्यव्यापी बंदी आली, ज्यात पहिल्या गुन्ह्यासाठी ५,००० रुपये दंड ठरला. नियम आणि दंड मुलाच्या कानी आधीच पडलेले असल्याने पुस्तकाने तेच पुन्हा सांगण्यात अर्थ उरत नाही. या पुस्तकांतील मोठी उणीवही येथेच दिसते : पिशवी घेणारे मूल आणि वेचणारे हात त्यांत येतात, पण पिशवी बनवणारा कारखाना क्वचितच येतो, आणि मग साऱ्या कचऱ्याचा भार इवल्याशा खरेदीदाराच्या मनावर पडतो. कोकणातल्या बाजारात ओले मासे कापडी पिशवीत कसे न्यायचे, हा मुलाला सहज पडणारा प्रश्न आहे; त्याचे प्रामाणिक उत्तर शोधताना डबा, कोळीण, गिऱ्हाईक आणि कारखाना हे सारे कथेत यावेच लागतील, आणि मग तात्पर्य वेगळे लिहावे लागणार नाही.